व्याख्यानाची अक्षत

भिलाईचा कारखाना सरकारने उभारला, रशियन इंजिनिअरांनी उभारला की आमच्यासारख्या हजारो हातांनी उभारला, याचा वाद खुशाल घाला. पण भिलाई नावाचं गाव एकट्या आमच्या भाऊजींनी वसवलं, याबद्दल मी कोणत्याही कोर्टात साक्ष द्यायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भंडाऱ्याकडची धानाची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून ते इथे क्रेन चालवायला आले, आणि मला नोकरी लागली तेव्हा मीही त्यांच्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पथारी टाकली. त्या वेळी इथे लाल मुरमाची धूळ, एकसारख्या दिसणाऱ्या क्वार्टरांच्या रांगा आणि भोंगा, एवढंच होतं. माणसं मुलखामुलखातून आलेली. शिफ्टच्या धबडग्यात शेजारी कोण राहतं याचाही कोणाला पत्ता नसे. भाऊजींना मात्र असे. नवा चेहरा दिसला की ते सायकलवरून उतरत, समोरच्याच्या सायकलचं हँडल धरत आणि विचारत, "गाव कोणतं जी तुमचं?" उत्तर मिळाल्याशिवाय हँडल सुटत नसे. एकदा त्यांनी एका रशियन साहेबालाही असंच अडवलं. दोघांची भाषा दोघांना कळली नाही, पण साहेबाने हाताने वाहत्या पाण्यासारखं काही दाखवलं, आणि "त्याच्याई गावाले नदी हाय, आपल्या वैनगंगेसारखी" ही बातमी संध्याकाळपर्यंत आमच्या रांगेत पसरली.

अशा माणसाला विज्ञानाचं वेड लागण्याचं काही कारण नव्हतं, आणि खरं तर ते लागलंही नव्हतं. त्यांना वेड होतं ते व्याख्यानाचं. विद्यापीठाची दर हिवाळ्यात एक विज्ञान व्याख्यानमाला होत असे, आणि तिच्यातलं एक पुष्प भिलाईला, शाळेच्या हॉलमध्ये गुंफलं जाई. प्राध्यापकांसाठी गेस्ट हाउसची सोय असे. पण भाऊजी जीपच्या आडवे उभे राहत. "आपल्या घरी आलेला पाहुना हाटेलात उतरते का?" असं म्हणून ते त्या विद्वानाला बॅगेसकट घरी आणत. मग ताईचा वडाभात, वर कढत तेलाची फोडणी, आणि "घ्या न जी, अजून एक वडा" हा आग्रह. एका प्राध्यापकांना तर मंचावर उभं राहताना टेबलाचा आधार घ्यावा लागला होता. व्याख्यानात भाऊजी पहिल्या रांगेत, लग्नातला कोट घालून बसत, आणि प्राध्यापक श्वास घ्यायला थांबले की टाळी वाजवत. व्याख्यान कळलं किती, हा प्रश्न मात्र विचारू नये. चंद्रावरचं व्याख्यान ऐकून आले तेव्हा ताईला म्हणाले, "चंद्रावर हवाच नाही म्हनते वं! तिथं पंखा लावून काईच फायदा नाही."

"इथं तरी कुठं हाय पंखा?" ताई म्हणाली.

पण श्रोते? नाव काढू नका. शिफ्टवरून आलेला माणूस झोपणार की ग्रहगोल ऐकणार! एका वर्षी तर पहिल्या रांगेत आम्ही, शेवटच्या रांगेत चौकीदार, आणि मधल्या साऱ्या खुर्च्या मोकळ्या. त्या दिवशी जेवताना प्राध्यापकांनी फार सौम्यपणे सांगितलं, की विद्यापीठाचं मत पडतंय, पुढच्या खेपेलाही हॉल रिकामा राहिला तर भिलाईचं व्याख्यान बंद करावं. भाऊजींचा घास हातातच राहिला. पाहुणे गेल्यावरही ते ताटावर तसेच बसून होते. मी समजूत घातली, "भाऊजी, नाही झालं व्याख्यान तर काय बिघडलं? तुम्हाला तरी कुठे कळतं?"

"मले नाही कळत, बापू," ते म्हणाले. "पन इथं ना आपली देवी, ना जत्रा, ना सप्ताह. वर्षातून एकदा सारे एका जागी बसत नसतीन तं त्याले गाव नाही म्हनत. त्याले कॅम्प म्हनते. मले कॅम्पात नाही मराचं."

त्यांना एवढं गंभीर मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचा हिवाळा आला. व्याख्यानाआधीच्या आठवड्यात भाऊजींनी ताईकडून तांदूळ हळदीत रंगवून घेतले, ते पितळी वाटीत घातले, मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून वाटी माझ्या हाती दिली, आणि आम्ही दारोदार अक्षत द्यायला निघालो. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं असंच करतात, आणि नशीब असं की इकडे छत्तीसगडातही पिवळ्या तांदळांचा अर्थ तोच! बौद्ध शेजाऱ्यांकडे अक्षत चालत नाही म्हणून तिथे भाऊजी पांढरं फूल देत. बोलणं सगळीकडे एकच: "रविवारी संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. घरचं कार्य आहे. सहकुटुंब येजा."

आता घरात लग्नाचा साळा, त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात अक्षतीची वाटी. लोकांनी काय समजायचं? दुसऱ्या दिवशी कारखान्यात, आमच्या शॉपमध्ये माझी पाठ थोपटून थोपटून लाल झाली. "लडकी कहाँ की है?" मी नाही नाही म्हणालो तेव्हा पोरगा लाजतोय असं ठरलं. मी घाबऱ्याघाबऱ्या भाऊजींना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "लोकाईचं काय! ज्याले बोलवाचं त्याले मानानं बोलवाव."

रविवारी हॉल गच्च भरला. बाया जरीकाठाची पातळं नेसून, गजरे माळून आल्या होत्या. पुरुषांच्या हातात नारळ आणि आहेर. भाऊजींचे डोळे भरून आले. "पाय, बापू, ज्ञानाची किती कदर हाय लोकाईले!" आणि एकेकाचा हात धरून त्यांनी त्याला थेट प्राध्यापकांपुढे नेलं. प्राध्यापकांच्या खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ आणि दोन खणही जमले. ते गृहस्थ बहुधा भिलाईची रीतच अशी आहे असं समजले आणि प्रत्येकाला नमस्कार करत राहिले.

मग त्यांनी टोपी तशीच ठेवून फळ्यावर सूर्य काढला आणि सारा प्रकार लोकांच्या ध्यानात आला. "नवरी कुठं हाय?" "अन् जेवन?" कुजबुज वाढली. मागच्या रांगेतून खुर्च्या सरकल्या, चारसहा जण उठून दाराकडे निघाले. भाऊजी उभे राहिले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. एवढ्यात समोरच्या क्वार्टरमधल्या, मूळच्या पवनी गावच्या काकू कडाडल्या. आमच्या रांगेतल्या प्रत्येक लग्नात शेवटचा शब्द त्यांचा असे.

"कुठं चालले जी? अक्षत घेतली न आपन? अक्षत घेऊन कोनी मांडवातून उठते का? बसा खाली! अन् फूल घेतलं त्याइनंबी बसा!"

सगळे बसले. दाराशी पोचलेलेसुद्धा परत आले. प्राध्यापकांनी सूर्य सांगितला, आणि फार सोपा करून सांगितला. शेवटी भट्टीवरच्या एका गड्याने उठून विचारलं, "साहेब, आमची भट्टी तं कधी विझूच देत नाहीत. मंग सूर्यात कोळसा कोन टाकून राहिला?" हॉल हसला. प्राध्यापक मात्र हरखले, आणि त्या एका प्रश्नावर आणखी कितीतरी वेळ बोलले. कोणी उठलं नाही. जाताना त्यांनी भाऊजींचा हात हातात घेऊन सांगितलं, "पुढच्या वर्षी येतो." नारळ ते सगळे घेऊन गेले.

त्यानंतर अक्षतीची गरज पडली नाही. हिवाळा आला की लोकच विचारत, "कधी आहे आपलं?" माझं खरं लग्न झालं त्याला मात्र यातले निम्मेदेखील आले नाहीत, तो भाग वेगळा.

आणि मग भाऊजींची बदली झाली. दूर बिहारकडे नवा कारखाना उभा राहायचा होता, तिथे अनुभवी माणसं हवी होती. दुर्ग स्टेशनवर आमची सारी रांग पोचवायला आली. ताई बायांच्या गळ्यात पडून रडत होती. भाऊजी खिडकीशी बसून होते. गाडी सुटायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "बापू, तिथं मी कोनाले ओळखतो रे?" त्यांच्या तोंडावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि गाडी हलली.

गाडी दिसेनाशी झाली तरी आम्ही सगळे प्लॅटफॉर्मवर उभेच होतो. एवढी गर्दी बघून कोणा परक्या प्रवाशाने काकूंना विचारलं, कोण गेलं म्हणून. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आमच्या गावचे होते जी."

कोणालाच घरी जावंसं वाटेना.