आमची भुलाबाई विद्यापीठात

विद्यापीठात पुढं काय काय होणार आहे त्याचं कार्ड आमच्या घरी अजून येते. वर नाव बायकोचं असते. ती श्रावणात गेली. कार्ड पाठवणाऱ्याले कोणी सांगितलं नाही, अन् मीही सांगितलं नाही.

मी चवथी पास. इकडं छत्तीसगढात लोखंडाच्या प्लांटात खलाशी, म्हणजे मजूर, लागलो अन् तिथंच म्हातारा झालो. विद्यापीठाच्या फाटकासमोरून जन्मभर सायकल नेली, आत पाय ठेवला नाही. बायको मात्र जाये. आमच्या प्लांटच्या वस्तीतल्या, सेक्टर सहातल्या मराठी बाया मिळून निघत. कोणाचं भाषण असो, चित्रं मांडलेली असो, पोट्ट्यांचं नाटक असो, ही तयार. घरी येऊन सांगायले बसे तर मी म्हणो, "आधी भात वाढ."

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठातलीच एक पोरगी घरी आली. लोककला शिकणारी, उतई गावाच्या बाजूची, छत्तीसगढी. आल्या आल्या मले बबा म्हणाली. त्यांच्यात आज्याले तसंच म्हणतात. तिले भुलाबाईची गाणी पाहिजे होती.

आमच्या नागपूरकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलोजी-भुलाबाई मांडतात. कच्च्या मातीचे दोघं, म्हणजे शंकर-पार्वतीच. संध्याकाळी गाणी म्हणायची, मग डब्यात झाकलेला खाऊ ओळखायचा. पोरी डबा हलवून आवाजावरून ओळखत, म्हणून बायको उकडलेले शिंगाडे फडक्यात गुंडाळून ठेवे. कोणाले ओळखू येत नसे, अन् हिले भारी आनंद होये. मी फर्स्ट शिफ्ट करून पडलेला असो. ओरडो, "हे बाहुले उचला अन् आपापल्या घरी जा!"

बाकीचे लोक दरवर्षी नवी जोडी घेतात. हिनं माहेरून मांडीवर आणलेली जोडी कधी सोडली नाही. दरवर्षी तीच रंगवे. आषाढात शेवटचं रंगवलं. भुलाबाईले हिरवं लुगडं दिलं, रंग ओला असतानाच उचलली, तर पाठीवर हिचा अंगठा उमटला. "सुकल्यावर पुसून घेईन," म्हणाली. पुसायचं राहिलं. पुढच्या महिन्यात मोरीपाशी खाली बसली ती उठलीच नाही.

तेरवी झाल्यावर घर रिकामं झालं. मी भुलाबाई काढून त्या ठशावर माझा अंगठा ठेवून पाहो. माझा मोठा, ठशाच्या बाहेर जाये. फोटोत ती कोणाच्या तरी लग्नातली आहे, पावडर लावलेली. तिच्या हाताचं म्हणाल तर हे एवढंच उरलं होतं.

पोरगी पुन्हा आली. कोजागिरीचा कार्यक्रम ठरला होता. बायको स्टेजवर बसून गाणार होती, तसा शब्द देऊन बसली होती. पोरगी म्हणाली, "बबा, दादी नहीं हैं तो उनकी भुलाबाई तो बैठेगी?" मी नाही म्हणणार होतो. पण शब्द तिचा होता. जोडी दिली.

कार्यक्रमाले मी गेलो, सफारी घालून. पहिले एका मोठ्या माणसाचं भाषण. लोककला मरून राहिली, तिले वाचवा, असं तो एवढा वेळ बोलला की गाण्याले दहा मिनिटं उरली. पोरींनी गाणी चांगली म्हटली, खोटं कावून बोलू? पण हॉलात खायचं काही आणायचं नाही असा नियम. म्हणून पोरींनी रिकामा डबा हलवला, "ओळखा" म्हणाल्या, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या डब्याले टाळ्या! बायको असती तर उठून डबा हिसकला असता.

जोडी दोन दिवस बाहेर टेबलावर मांडून ठेवणार होते. मी पोरीले म्हटलं, "परवा सकाळी येतो."

गेलो. सोबत भुलाबाई गुंडाळायले बायकोचं जुनं लुगडं. टेबल मोकळं, चादरीवर झेंडूच्या पाकळ्या. पोरगी पळत आली, केस ओले, चेहरा खुललेला.

"बबा, कितना रास्ता देखा आपका! धूप चढ़ गई तो हम लोग निकल गए. बाजा लेके गए. मैं खुद सिर पे रखके ले गई!"

"कुठं?"

"तालाब, बबा. विसर्जन."

त्यांच्यात दिवाळीले गौरा-गौरी मांडतात. तेही शंकर-पार्वतीच, तेही मातीचे. पूजा झाली की सकाळी वाजतगाजत तळ्यात सोडतात. घरी ठेवणं बरं मानत नाहीत. पोरीनं आमच्या भुलाबाईले तोच मान दिला होता. तिनं मोबाइलवर नाच दाखवायले घेतला, मी तोंड फिरवलं.

पोरीले शिकवणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. "काका, गलती हो गई. कुम्हार से दूसरी जोड़ी मँगवा देते हैं."

"मँगवा दो," मी म्हटलं. "साथ में बायको भी मँगवा दो."

पोरगी रडायले लागली. रडत रडत बोलली, "बबा, मैंने आपसे पूछा था."

विचारलं होतं. जोडी नेली त्या दिवशी, पायरीवर उभी राहून. "पूजा के बाद क्या करना रहता है, बबा?" मले कुठं माहीत! चाळीस वर्षं माझ्याच घरात भुलाबाई बसली अन् मी एक दिवस तिच्यासमोर बसलो नाही. पण माहीत नाही असं पोरीले कसं सांगायचं? मी अक्कलवाल्यासारखं म्हटलं, "तुमच्याकडे करतात तसंच करा." मले वाटलं, फुलं-कुंकवाचं विचारून राहिली.

त्या दिवशी हे तिथं बोललो नाही. तळ्यावर गेलो. पोरगी मागं मागं आली, सलवार गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात उतरली. हातानं तळ चाचपून चिखल वर काढे, मले दाखवे, पुन्हा वाके. मी म्हटलं, "निघ बाहेर. चिखल कोणाचा आहे, कसं ओळखशील?"

पोरीचा फोन आला नागपूरहून, माझ्या पोरीचा. तिले म्हटलं, विद्यापीठवाल्यांनी तुझ्या आईची भुलाबाई डुबवली. एवढंच सांगितलं. तिचं डोकं आईपेक्षा गरम. तिनं मॅडमचा नंबर काढला अन् जे बोलायचं ते बोलली. मग मले फोन करून म्हणाली, "बाबा, मॅडमले सांगून त्या पोट्टीले चांगलं झाडायले लावलं मी." मी "बरं केलं" म्हटलं.

पुढच्या कार्यक्रमाचं कार्ड आलं. आत सगळं इंग्रजीत, म्हणून बाजूच्या क्वार्टरातल्या बाईकडून वाचून घेतलं. विद्यार्थ्यांचं संमेलन, त्यात भुलाबाईची गाणी, गाणाऱ्या पोरींची नावं. ती पोरगी त्यात नव्हती. बाईले पुन्हा वाचायले लावलं. नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. मॅडम टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं, पोरीनं विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं, चुकीचं. तिले परत घ्या.

मॅडमनं ऐकलं, पाणी मागवलं. "काका, आप मन छोटा मत कीजिए. पर अब तो छप गया. प्रैक्टिस भी दूसरी लड़की के साथ हो गई."

"तिले माहीत आहे?"

"लिस्ट देखकर घर चली गई. गाँव."

मी पाणी प्यालो नाही. कोजागिरीपासून तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे मी घरीच होतो, सायकल दारातच होती, अन् विद्यापीठ पंधरा मिनिटांवर.