पाठीवरची थाप
नव्या रबरी मॅटचा वास आला की बीडचा तो क्लास आठवतो. घरातला पहिला पदवीधर मी, हौसेनं जिउ-जित्सू, ती जपानी कुस्ती, शिकत होतो. ऊसतोडीला जाणारा माझा दोस्त एकदा बघायला आला, तर त्यालाच मॅटवर घेतलं. “सोडवायचं झालं तर थाप मार बे,” म्हणालो. आमच्या क्लासात थाप मॅटवरच मारायची, हे सांगायचं राहिलं. मी त्याचा हात कोपरात अडकवला, तशा त्यानं माझ्या पाठीवर थापा मारल्या. आमच्या गावच्या कुस्तीच्या तालमीत पाठीवर थाप म्हणजे शाबासकी. मला चेव आला, अजून ताणला. कट्ट आवाज झाला. “सोड म्हनत हुतो की बे!” तो कळवळला. आठ दिवसांनी त्याची बायको एकटीच कोयता घेऊन तोडीला गेली. तो आजही लांबूनच “जय भीम” म्हणत हात वर करतो, आणि तो हात कोपरात वाकडाच राहतो.