एक दिवा पुढे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. मुलीला तर नाहीच, कारण तिचाही यात नकळत वाटा आहे आणि तो तिला कधी कळू नये असं मला वाटतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर अप्पांनाही ओळखलं असतं, आणि मग माझी जीभ रेटली नसती.

हुबळीतल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या खेळांच्या रांगेत, एक गोल यंत्र उभं आहे. काचेखाली दिव्यांचं वर्तुळ. त्यात एक उजेड गरगर फिरतो. एकच दिवा लाल. उजेड लाल दिव्यावर आला की बटण दाबायचं, वेळ जमली तर बक्षीस. बस, एवढंच. ते यंत्र मी केलंय. म्हणजे पत्र्याचा डबा दुसऱ्याने केला, रंग तिसऱ्याने लावला, पण आतलं डोकं माझं. उजेडाने किती वेगाने पळावं, कुठे थांबावं, हरलेल्या माणसाला कुठला आवाज ऐकू यावा, हे सगळं मी केशवापूरच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, बाळंतपणात सुटलेली नोकरी आणि घरी बसून मिळतील ती कामं — तेव्हा माझं असं चाललं होतं.

आता अप्पा. माझे वडील. दाजीबानपेठेत एका कापडदुकानाच्या जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. टेबल इतकं लहान की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचे गुडघे अप्पांच्या गुडघ्यांना लागायचे. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, पण टेबल सोडलं नाही. बहात्तराव्या वर्षीही सकाळी डबा घेऊन सिटी बसने जायचे. आम्ही सगळे मागे लागलो होतो की आता पुरे, घरी बसा. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. हात चुकला की त्या दिवशी बंद करीन, त्याआधी विचारू नका.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. दर खंडेनवमीला चिमटा, भिंग, स्क्रूड्रायव्हर यांची पूजा व्हायची, हळदकुंकू लागायचं. पूजा झाली की अप्पा स्वतःची परीक्षा घ्यायचे. तिळाहून लहान स्क्रू चिमट्यात धरायचा आणि एका दमात, दुसऱ्यांदा न टेकवता, त्याच्या भोकात बसवायचा. बसला की एक वर्ष मिळालं! आम्ही पोरं लहानपणी श्वास रोखून बघायचो. मोठं झाल्यावर मी हसायला लागले. हसायला नको होतं, हे आता कळून काय उपयोग?

यंत्राचा वेग बसवायला मला एक भरवशाचा हात हवा होता. घरातच होता की! रविवारी सकाळी मी पुठ्ठ्यावर दिवे लावून अप्पांपुढे ठेवले. दिवा बदलला की बारीकसा टिक् आवाज होईल अशी सोय केली होती. अप्पा दिव्यांकडे बघायचेच नाहीत. डोळे अर्धे मिटून ते ती टिकटिक ऐकायचे, पायाचा अंगठा जमिनीवर हलायचा, आणि मग बोट पडायचं. लालवर. परत लालवर. मी वेग वाढवला, तरी लालवर. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, ती टाळ्या पिटत मोजायची. मला आठवतं, त्या दिवशी अप्पांनी विचारलं होतं, "ह्यात काय लबाडी नाही न्हवं गे?" मी म्हटलं, नाही अप्पा, हात आणि डोळा, दुसरं काही नाही.

तेव्हा ते खरं होतं. एवढं एक वाक्य मला माझ्या बाजूने बोलता येतं, आणि तेही पुरत नाही.

पुढच्या आठवड्यात खेळांच्या जागेचा मालक काम बघायला घरी आला. अप्पांनी मोठ्या हौसेने त्याला खेळून दाखवलं. तो पोट धरून हसला. असले चार अज्जा आले तर मला गाशा गुंडाळावा लागेल, असं कन्नडमध्ये म्हणाला. जाताना दारात, चपला घालता घालता, हळूच म्हणाला, "अक्का, एनादरू माडरी." काहीतरी करा. काय करायचं ते त्याने सांगितलं नाही. ते मला सांगावं लागलं नाही.

मी यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी लिहिल्या. बक्षीस किती खेळांनंतर द्यायचं तो आकडा मालक ठरवील. तोवर कुणी अगदी बरोबर वेळेला बटण दाबलं, तरी उजेड एक दिवा पुढे सरकेल. एकच का? दोन-तीन दिवे पुढे गेला तर माणूस कंटाळतो, निघून जातो. एकच पुढे गेला की त्याला वाटतं — अरे, थोडक्यात हुकलं, माझंच बोट उशिरा पडलं! तो परत खेळतो. दोष यंत्राचा नाही, आपला, असं त्याला वाटलं पाहिजे. मला यात फार हुशारी वाटली होती. खरं सांगू? आजही त्या ओळी वाचल्या तर सुबकच वाटतात.

अप्पांना मी हे सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होते? ते घड्याळ उघडून बघायचे आणि नुसती धूळ असली तर धूळ होती म्हणून सांगायचे, पार्ट बदलला म्हणून नाही. त्यांच्यासमोर त्या चार ओळी ठेवायची मला लाज वाटली. लाज वाटली, तरी ओळी खोडल्या नाहीत.

चार महिन्यांनी ती जागा उघडली. रविवार दुपार, पोराबाळांची गर्दी, भिंतीपर्यंत आवाज. अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही सांगत होते की हे आमच्या मुलीनं केलंय, आणि पहिला खेळलो तो मी. त्यांनी खेळू नये असं काहीतरी मला घरीच बोलता आलं असतं. का नाही बोलले? मला सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. काय कारण सांगायचं ते सुचलं नव्हतं.

मुलीने त्यांचा हात ओढला. "अज्जा, तो पिवळा हत्ती!" अप्पा हसत पुढे झाले. गोंगाटात टिकटिक ऐकू येत नव्हती, म्हणून त्यांनी पायाच्या अंगठ्याने ताल धरला. बोट पडलं. उजेड एक दिवा पुढे थांबला. अप्पांनी मान हलवली, परत खेळले. एक दिवा पुढे. हरल्यावर वाजायचा तो चिडवणारा आवाज — तोही मीच निवडलेला. मागची पोरं त्या आवाजाची नक्कल करायला लागली. सहाव्या खेळानंतर त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं. नवव्या वेळी डावा हात लावला. मुलगी ओरडत होती, आणि एकदा अज्जा, आणि एकदा. अकरा वेळा खेळले. मग हळूच म्हणाले, "साकु." पुरे. आणि बाजूला झाले, मागच्या माणसाला जागा देत.

मी कुठे होते त्या वेळी? यंत्राच्या मागे. पहिला दिवस म्हणून माझा लॅपटॉप यंत्राला जोडलेला होता. बोट नेमकं केव्हा पडलं, हे त्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसत होतं. अकराच्या अकरा वेळा अप्पांचं बोट लाल दिव्यावर पडलं होतं. डाव्या हाताचं सुद्धा. जगात ही गोष्ट एकट्या मला दिसत होती. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

सोमवारी अप्पांनी डबा भरू नका म्हणून सांगितलं. खंडेनवमी लांब होती, तरी त्यांनी घरी ठेवलेली हत्यारांची जुनी पेटी काढली आणि खिडकीत बसून तो स्क्रू चिमट्यात धरला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हात थरथरत होता. इतक्या वर्षांत तो तसा कधी थरथरला नव्हता. भ्यालेला हात कुणाचाही थरथरेल, हे मला कळत होतं, त्यांना कळत नव्हतं. स्क्रू खाली पडला. मुलीने फरशीवर पालथं पडून तो शोधून दिला. अप्पांनी तो डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

महिना संपायच्या आत टेबल उचललं. हत्यारं धारवाडला सुभाष रोडवरच्या एका जुन्या घड्याळवाल्या मित्राला देऊन आले. तिकडून आल्यावर चहा घेतला, पेपर वाचला.

इथवर मी सांगितलं ते भित्रेपणाचं होतं. आता त्याहून वाईट आहे ते सांगते. मला नवीन नोकरी लागली होती, तारिहाळच्या एका कारखान्यात. मुलीची शाळेची रिक्षा अडीचला यायची. अडीचला घरी कुणीतरी असायला हवं होतं. अप्पांनी टेबल सोडावं म्हणून आम्ही दोन वर्षं डोकं फोडत होतो, आणि आता ते आपणहून सोडत होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण त्याच वेळी मनात अडीचचा प्रश्न सुटला, हेही आलं. दोन्ही एकदमच आलं. मला सोयीचं होतं, म्हणून मी गप्प बसले.

अप्पा अडीचला फाटकात उभे राहू लागले. एक दिवसही चुकवला नाही. पण त्यांनी हातावरचा विश्वास काढून घेतला तो घेतलाच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. दाढी स्वतः करणं बंद केलं, न्हाव्याकडे जायला लागले. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं की मुलीकडे बोट दाखवायचे. रस्ता ओलांडताना ते तिचा हात धरायचे नाहीत, तिला त्यांचा धरायला लावायचे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठणठणीत आहेत. अप्पांनी ते ऐकून घेतलं, डॉक्टरला काय कळतंय अशा चेहऱ्याने. चार वर्षं ते असे राहिले. गेल्या श्रावणात गेले. त्या चार वर्षांत सांगायला एक दुपार मिळाली नाही का? रोज मिळत होती.

आणि तरीही नुसतं गप्प बसणं एवढाच माझा गुन्हा असता, तर मी कदाचित तुम्हाला काही सांगायला आले नसते. गप्प तर पुष्कळ जण बसतात.

त्या रविवारी मॉलमधून आम्ही रिक्षाने घरी येत होतो. मुलगी मध्ये झोपली होती. अप्पा बाहेर बघत होते. देसाई क्रॉसपाशी रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी तोंड न वळवताच विचारलं, "खरं सांग गे. हात उशिरा पडालाय काय माझा?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. मिटलेला लॅपटॉप माझ्या मांडीवर होता.

मी म्हटलं, "हो अप्पा. थोडासाच."

सिग्नल सुटला. मग मुलीच्या डोक्यावरून हात लांब करून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"बरं केलीस, खरं सांगितलीस ते," म्हणाले. "दुसरं कोण असतं तर म्हाताऱ्याचं मन राखलं असतं."

मी मान हलवली. घर येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो जराही थरथरत नव्हता.