काळं म्हणजे हवा

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. आपल्या फुप्फुसातले काळेभोर डाग पाहून आई ओशाळली. "चुलीची काजळी असेल. चाळीस वर्षं फुंकणी फुंकलीय."

डॉक्टर हसले. "काकू, काजळी यात दिसत नाही. काळं म्हणजे हवा. आत जाते, पण झिजलेल्या फुप्फुसातून धड बाहेर पडत नाही."

मी फिल्मला नाक लावून बघत राहिलो. हवेचंसुद्धा चित्र निघतं! आणि आईला धाप लागते ती आत कोंडलेल्या हवेमुळे? मला उगाच वाटायचं, तिला हवा कमी पडते.

घरी आल्यावर आईने चहा बशीत ओतून फुंकर घातली. साय हललीसुद्धा नाही. तिने बशी माझ्यापुढे सरकवली.

"तू फुंक."