कॉम्प्युटरातला तान्हा पोळा

ऐंशीच्या दशकाची अखेर. पांढुर्ण्याहून बस धरून, सौसर मागे टाकून मी रोज बोरगावच्या एका कारखान्यात कापसाच्या साठ्याचे आकडे टाइप करायला जायची. युनिक्सवर चालणारा एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले दोन-चार पडदे, एवढा आमचा थाट. मला टायपिंगचा जाम कंटाळा; मला प्रोग्रॅम लिहायला शिकायचं होतं. पण मुख्य पासवर्ड फक्त इंजिनियरकडे आणि साहेबांचा हुकूम कडक.

"कापसाच्या साठ्याले धक्का लागला, त त्याच दिवशी तुमचं शिकणं बंद!"

इंजिनियर आमच्याच गावचा. त्यानं तो पासवर्ड वापरून मशीनमध्ये माझ्यापुरती एक वेगळी खोली करून दिली. युनिक्समध्ये आज्ञाही फाइलीच असतात; लागणाऱ्या आज्ञांच्या नकला त्यानं आत ठेवल्या, सगळ्या माझ्या मालकीच्या. आत शिरलं की तेवढंच जग. बाहेरचं दिसतही नसे, मग हात कुठला पोचतो!

"ताई, हा तान्हा पोळा समजा," तो म्हणाला. "लाकडाचा नंदी मोडला तरी वावरातल्या बैलाले काही होत नाही."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. लहानपणी मी माझा नंदी विहिरीत पाडला होता, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

इथंही तेच झालं. नको त्या फाइली पुसायला गेले आणि सगळंच पुसून बसले. फाइली दाखवणारी आज्ञासुद्धा गेली. काहीही टाइप केलं तरी मशीनचं एकच उत्तर, सापडत नाही. आणि नेमके साहेब मागे उभे.

"काय करून राहिल्या तुम्ही, बाई?"

"सगळं पुसलं, साहेब." मला रडूच फुटलं.

इंजिनियर धावत आला. "ताईचा लाकडी नंदी मोडला, साहेब; बैल शाबूत आहे," म्हणत त्यानं साहेबांना शेजारच्या पडद्यासमोर बसवलं. गोदामातली कापसाची गाठ न् गाठ पडद्यावर जागच्या जागी होती! मी डोळे न पुसताच टाळ्या वाजवल्या. माझी खोलीही त्यानं चहा निवायच्या आत पुन्हा भरून दिली.

साहेब मात्र हसले नाहीत. उठून त्यांनी दार लोटलं. झालं, आता जन्मभर टायपिंगच, असं मी धरूनच चालले.

ते खुर्ची ओढून बसले आणि हळूच इंजिनियरला म्हणाले, "मलेही एक नंदी देता का? कधीचं शिकाचं आहे, पण मोडीन म्हणून भेव वाटे."