निशाभैरवाला ओवाळलं, त्याची गोष्ट

डिंगोऱ्याचा अमृत टोमॅटो चांगले काढतो, पण गाव त्याला ओळखतं ते कॉमिक्सवाला म्हणून. पन्नाशीला टेकलेला हा गडी शेतातून आला की हातपाय धुऊन चित्रांची पुस्तकं घेऊन बसतो. लोकांनी इतकी वर्षं त्याची टर उडवली, की शेवटी लोकच कंटाळले. अमृत काही कंटाळला नाही. शाळेत असताना नारायणगावच्या एसटी स्टँडवर त्याने निशाभैरवाचा अंक घेतला होता, तेव्हापासून एकही चुकू दिलेला नाही. सगळे अंक लोखंडी पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले. त्या पेटीला हात लावायची परवानगी नूतनला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मिळाली.

आता हा निशाभैरव कोण, तर काळ्या झग्यातला, कपाळाला कायम आठ्या घातलेला नायक. रात्री हिंडतो, दुष्टांना बडवतो, आणि जन्मात एकदाही हसलेला नाही. त्याच्या जुन्नर-आंबेगावातल्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. म्होरक्या आळे गावचा सूरज, फोटो स्टुडिओवाला. गावात ज्याला वेड म्हणत, त्याला या ग्रुपात मान होता. यंदाच्या उन्हाळ्यात नारायणगावात कॉमिक्सचं प्रदर्शन भरणार होतं. मधोमध अमृतची पेटी, आणि वर त्याच्या नावाची पाटी! सूरजने पाटीचा फोटो पाठवला, तेव्हा अमृतने तो नूतनला दाखवला, मेव्हण्याला दाखवला, मार्केटातल्या आडत्यालासुद्धा दाखवला.

तेवढ्यात निशाभैरवाचा सिनेमा आला आणि सगळं बिनसलं. सिनेमातला भैरव झुरळाला घाबरत होता. उडी मारताना त्याचा झगा रिक्षात अडकत होता. वर तो स्वतःच स्वतःला हसत होता! ग्रुपात नुसता आगडोंब. प्रत्येकाने सिनेमा बघायचा आणि सोलून काढायचा, असं ठरलं.

अमृतही सोलायलाच गेला होता. नूतनला शेजारी बसवून, दातओठ खात. पण झुरळ आलं, भैरव टेबलावर चढला, आणि अमृतच्या तोंडून असा काही हशा फुटला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मध्यंतरापर्यंत त्याचे डोळे पाण्याने भरले होते. घरी आल्यावर त्याने ग्रुपवर जे वाटलं ते लिहून टाकलं: लई हसलो. आपला भैरव लई ग्वाड दिसलाय.

पाच मिनिटांत सूरजचा फोन.

"अमृतभाऊ, हे काय लिवलंय राव? पोरं पेटलीत नुसती. ते पुसा, आन् 'सिनेमानं भैरवाचा अपमान केला' येवढं टाका. न्हाईतर तुमची पेटी मांडता यायची न्हाई. माझ्या हातात काय नाय."

"पन मी हसलो ना रे."

"घरात हसा की! ग्रुपवर कशाला?"

अमृतने फोन ठेवला. त्याला ती पाटी हवी होती, फार हवी होती. उगाच साधू असल्याचा आव त्याने आणला नाही. त्याने सूरजने सांगितलेलं वाक्य टाइप केलं, आणि पाठवायला अंगठा काही पुढे होईना.

"खोटं लिवून पाटी लावायची, तर तिच्यावर नाव तरी तुमचं कशाला?" नूतन भाकरी थापता थापता म्हणाली.

अमृतला त्याचे वडील आठवले, सावळाराम. डिंगोऱ्यात आखाडी होते. मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात आणि बायका प्रत्येक सोंगाला ओवाळतात. वेताळाचं सोंग नाचवायचा मान अमृतच्या घराकडे. एका वर्षी नाचता नाचता सावळारामचा मुखवटा घसरला, दिसेनासं झालं, आणि वेताळ थेट आळीतल्या गेणभाऊंच्या शेणाच्या उकिरड्यात गेला. सगळं गाव पोट धरून हसलं. लहानगा अमृत घरी येऊन लाजेने रडला. सावळाराम अंगावरचं शेण धूत म्हणाले होते, "हसली तर हसू दे की. ववाळलं ना मागनं?"

अमृतने टाइप केलेलं पुसलं आणि सूरजला फोन लावला. "लिवनार न्हाई. पाटी काढ माझी."

त्याच संध्याकाळी त्याला ग्रुपातून काढलं. ज्यांना तो वाढदिवसाला अंक भेट पाठवायचा, त्यांच्यापैकी एकानेही फोन केला नाही. अमृतला ते लागलं. जेवण गेलं नाही त्याला त्या दिवशी.

पण गप्प बसेल तो अमृत कसला! पुढे आखाडी आली. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला हौस असेल त्याने सोंग आणायचं असतं. अमृतने टोमॅटोचं कॅरेट कापून छातीला बांधलं, वाफ्यांवर अंथरून उरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरचा काळा झगा केला, पुठ्ठ्यावर आठ्या रंगवून मुखवटा चढवला आणि वाजंत्र्यांपुढे येऊन उभा राहिला.

आखाडीचा कारभार आता म्हाताऱ्या गेणभाऊंकडे. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा कोन देव म्हनायचा?"

सोंगाने बोलायचं नसतं. अमृतने नुसती मान ताठ केली.

"ह्यांचा भैरव हाये," नूतनने गर्दीतून सांगितलं.

"बरं, नाचू द्या," गेणभाऊ म्हणाले. संबळ वाजायला लागलं.

दोन गिरक्या झाल्या आणि मल्चिंग पेपर उभ्या पिकअपच्या कडीत अडकला. अगदी सिनेमातल्यासारखा! भैरव धाडदिशी मातीत. सगळी आळी हसली, गेणभाऊ तर खोकायला लागले. मुखवट्याच्या आत अमृतचे कान तापले. क्षणभर वाटलं, सूरजचंच खरं होतं. मग त्यालाच आतून हसू आलं. तो उठला आणि फाटक्या झग्यानिशी असा नाचला की संबळवाल्याला घाम फुटला.

नाच थांबला तशी शेजारची सखूबाई ताट घेऊन पुढे आली. हसून हसून तिचा पदर तोंडातच होता. तिने भैरवाला ओवाळलं, पुठ्ठ्याच्या आठ्यांवर कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. तरी हसतच होती.

नूतनने फोटो काढला. अमृतने तो सूरजला पाठवला आणि खाली लिहिलं: पाटी ऱ्हाऊ दे तुला. माझ्या भैरवाला गावानं हसत हसत ववाळलंय.

निळ्या खुणा झाल्या. अमृतने फोन बाजूला ठेवला आणि ओटीवर वेताळाच्या मुखवट्याशेजारी नवा खिळा ठोकला. पुठ्ठ्याची माती त्याने फडक्याने झटकली. कुंकू तेवढं राहू दिलं.