प्रभुभोजनासाठी निपाणीकडे

बेळगावहून छकडा निघाला तेव्हा माझी पत्नी राहेल दारात उभी होती. तिला सातवा महिना होता. साथीच्या तापाने गरोदर बायका पटापट जात होत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निपाणीजवळच्या एका खेड्यातले पाळक (ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू) त्याच तापाने वारले होते आणि तिथल्या मंडळीला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देण्याचं काम बेळगावचा पाळक म्हणून माझ्यावर आलं होतं. मी मुळातच भित्रा. काकती गाव मागे पडायच्या आतच मला घसा दुखल्यासारखा वाटू लागला.

रस्ता ओस होता. पावसाने दगा दिल्यामुळे जोंधळा गुडघ्याएवढाच राहिला होता. संकेश्वरात थांबून भाकरी खावी म्हटलं, तर गाडीवान बसाप्पा ऐकेना.

"हितं न्हाय, सायेब. त्या घराकडं बघा, दाराला काटं लावल्यात. आत कोन उरलं न्हाय."

गावाबाहेर हिरण्यकेशीच्या काठी बैल सोडले आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) लावून भाकरी खाल्ली. वरच्या अंगाला चिता जळत होत्या. मी अर्धी भाकरी परत फडक्यात बांधली. बसाप्पा मात्र पोटभर जेवला.

मला घोर होता तो प्याल्याचा. आमच्यात सगळी मंडळी एकाच भांड्याला ओठ लावते आणि उरलेला द्राक्षारस शेवटी पाळकाने प्यायचा असतो. गाडीत बसल्या बसल्या मी तोड काढली. या वेळी ज्याच्या त्याच्या ओंजळीत वरून ओतायचं, म्हणजे कोणाचं उष्टं कोणाला नको. स्वतःच्या हुशारीवर मी खूश झालो.

त्या खेड्यातलं आमचं देऊळ (चर्च) म्हणजे महारवाड्याच्या टोकाचं एक छप्पर. मनुका भिजवून केलेला द्राक्षारस कल्हईच्या प्याल्यात तयार होता. मी माझी तोड सांगितली. मंडळीतले वडीलधारे सत्तूआप्पा सावकाश उठले.

"वरनं? पाळकसायेब, पाटलाच्या हिरीवर आमाला पानी आजून तसंच वततात. एका भांड्यानं प्यायला मिळतंय म्हनून तर आमच्या बानं बाप्तिस्मा घेतला."

तेवढ्यात मागे बसलेली गंगाक्का खोकत उभी राहिली.

"आप्पा, त्येंचं बी खरं हाय. माझ्या घरातली दोन गेली. मी आज न्हाय घेत. तुमी घ्या समदी."

ती दाराकडे वळली. नुकतीच दोन माणसं पुरलेली बाई प्रभूच्या पंगतीतून उठून चालली होती, आणि तेही माझ्या भीतीपायी.

"बसा, आक्का," मी म्हणालो.

प्याला रांगेतून फिरला. गंगाक्काने घोट घेतला आणि पदरात तोंड घालून ती कितीतरी वेळ खोकली. प्याला माझ्याकडे आला तेव्हा तळाशी थोडं उरलं होतं. राहेल डोळ्यांपुढे उभी राहिली. प्याल्याची कड दातांवर वाजली. मी प्यालो.

परतीच्या वाटेवर मी दर घटकेला स्वतःचं कपाळ चाचपत होतो. शेजाऱ्यावर प्रीती करा, असं मी दर रविवारी सांगतो. एकीकडे गंगाक्का आणि दुसरीकडे आपलीच बायको असली तर काय करायचं, हे मी कधी सांगितलं नव्हतं. मला कोणी विचारलंही नव्हतं.

बेळगावात पोचल्यावर मी अंगणातच थांबलो. राहेल उंबऱ्यापर्यंत आली. तिचं माहेरही महारवाड्यातलंच. झालेलं सगळं मी तिला सांगितलं. ती पोटावर हात ठेवून ऐकत राहिली.

"ती उठून गेली असती तर मला सोसलं नसतं," ती म्हणाली. "प्यालात ते बरं केलंत."

मी पुढे पाऊल टाकलं.

"पण आत येऊ नका," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.